हवेवरच्या कॉम्प्युटरला काय लागतं?

बडोद्याला रेडिओ नवा नाही. १९४७ साली ऑल इंडिया रेडिओच्या वाट्याला सहा केंद्रं आली, आणि त्याखेरीज देशात पाच केंद्रं संस्थानांची होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदा. गायकवाडांचं हे केंद्र पुढच्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओत गेलं. गायक उस्ताद फैयाज खाँ तेव्हा बडोद्यातच राहत होते, आणि मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ साली सुरू झालेल्या गायनशाळेला साठ वर्षं उलटून गेली होती. गाणं, ते मुद्रित करणं आणि ते हवेवर सोडणं, तिन्ही गोष्टी या गावात मुरलेल्या आहेत.

आता ट्रान्समीटरच्या अलीकडे जे काही आहे ते बहुतेक एका कॉम्प्युटरमध्ये मावतं. दांडिया बाजारातल्या वाड्याची एक खोली, दोन माइक, एक यूएसबी साउंड कार्ड आणि इंटरनेट एवढ्यावर मराठी पॉडकास्ट किंवा इंटरनेट रेडिओ उभा राहतो. एखाद्या कॉलेजला किंवा संस्थेला परवाना मिळाला तर कम्युनिटी रेडिओही. अशा ठिकाणी पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो: विंडोज घ्यायचं, मॅक घ्यायचा की लिनक्स? प्रश्न बरोबर आहे, पण त्याची पाळी शेवटची आहे. काम कोणतं, त्या कामाचं सॉफ्टवेअर कोणतं, त्याला चालणारं साउंड कार्ड कोणतं आणि रात्री बिघडलं तर दुरुस्त करायला येणार कोण, हे ठरलं की ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा आपोआप ठरते.

आधी कामाची फोड

स्टुडिओत दोन कामं चालतात, आणि त्यांच्या गरजा जवळजवळ उलट्या असतात.

ध्वनिमुद्रणाच्या कॉम्प्युटरवर थोडा वेळ पण जड भार येतो. आठ-दहा ट्रॅक, त्यावर प्लगइन आणि गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज तत्क्षणी पोहोचवण्याची घाई. हे मशीन बिघडलं तर कलाकाराला चहा सांगता येतो आणि तेवढ्यात पुन्हा बूट करता येतं.

प्लेआउटचं, म्हणजे कार्यक्रम वेळापत्रकाप्रमाणे हवेवर सोडणारं मशीन जेमतेम दोन फाइली एकावर एक मिसळत असतं. प्रोसेसरला हे काम किरकोळ. पण ते महिनोन् महिने न थांबता करायचं असतं आणि तिथे चहा सांगायची सोय नाही. आवाज गेला की श्रोता बटण फिरवतो. रेडिओवाले या शांततेला डेड एअर म्हणतात.

म्हणून माझं पहिलं मत: ही दोन कामं एका कॉम्प्युटरवर कधीही करू नयेत. पैसे कमी असतील तर चांगलं मशीन मुद्रणाला द्यावं आणि जुनं पण धड असलेलं प्लेआउटला. प्लेआउटच्या मशीनवर मेल बघायची नाही, बिलं करायची नाहीत, कुणाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही.

मिलिसेकंदांचा हिशेब

ऑडिओच्या चर्चेत लेटन्सी हा शब्द सारखा येतो. माइकमधून शिरलेला आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनपर्यंत यायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, नमुन्यांचा एक गठ्ठा गोळा करून मग त्यावर काम करतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असू आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर एका बफरला ५.३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक आणि वर साउंड कार्डचा स्वतःचा थोडा वेळ, असं मिळून बारा-तेरा मिलिसेकंदांचं प्रकरण होतं. बफर ६४ केला तर एका बफरचा वेळ १.३ मिलिसेकंदांवर येतो, पण मग ऑपरेटिंग सिस्टिमला दर १.३ मिलिसेकंदाला न चुकता हजर व्हावं लागतं. ती एकदा जरी दुसऱ्या कामात अडकली, तर आवाजात कट् असा तडा ऐकू येतो.

आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, हे लक्षात ठेवलं की हे आकडे हाताशी येतात. दहा मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर उभ्या माणसाचं बोलणं ऐकणं. सतारियाला तेवढं चालून जातं. निवेदकाला मात्र स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये इतक्या उशिरा आला की तो अडखळतो, कारण तोच आवाज हाडांतून त्याला आधीच ऐकू आलेला असतो.

नवरात्रात बडोद्याच्या गरब्याच्या मैदानावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्याला दोन्ही टोकं एकाच वेळी सांभाळावी लागतात. मंचावरच्या गायकाच्या कानात आवाज काही मिलिसेकंदांत पोहोचला पाहिजे, तर इंटरनेटवर ऐकणाऱ्या श्रोत्यापर्यंत तो वीस-तीस सेकंद उशिरा गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

निवेदकाच्या अडखळण्यावर रेडिओपुरता सोपा तोडगा आहे: निवेदकाच्या हेडफोनला आवाज कॉम्प्युटरमधून आणूच नका, मिक्सरमधून किंवा साउंड कार्डाच्या थेट मॉनिटरमधून द्या. मग लेटन्सीचा प्रश्न जवळपास संपतो आणि बफर निर्धास्तपणे १०२४ वर ठेवता येतो. लेटन्सीपायी महागडं मशीन घेणाऱ्या कित्येक छोट्या स्टुडिओंना खरी गरज एका साध्या मिक्सरची असते.

विंडोज: सगळं चालतं, मधूनच बोलतंही

विंडोजची खरी ताकद तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संख्येत आहे. मोठ्या एफएम जाळ्यांचं झेटा, युरोपातल्या छोट्या केंद्रांचं आवडतं एमएअरलिस्ट, रेडिओबॉस, फुकट मिळणारं झारारेडिओ, सगळी विंडोजवरची. अ‍ॅडोबी ऑडिशनची सवय असलेले संपादकही इथे सापडतात. शिवाय कॉम्प्युटर बिघडला तर गल्लीतला दुरुस्तीवाला विंडोज ओळखतो. ही बाब किरकोळ समजू नये.

विंडोजचा मूळ ध्वनिमार्ग व्यावसायिक कामासाठी बेतलेलाच नव्हता. म्हणून स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आसिओ नावाची स्वतंत्र वाट काढली. ती सिस्टिमचा मिक्सर टाळून सॉफ्टवेअरला थेट साउंड कार्डाशी जोडते. मायक्रोसॉफ्टने पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर वासापी हा नवा ध्वनिमार्ग आणला आणि परिस्थिती सुधारली, तरी मुद्रणाच्या खोलीत आजही आसिओच चालतं. साउंड कार्ड घेताना कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर आहे का, हे विचारावं. सगळ्यांसाठी म्हणून फुकट मिळणारा ड्रायव्हर ही तात्पुरती सोय समजावी.

प्लेआउटसाठी विंडोज घ्यायची तर आधी तिला गप्प बसवावं लागतं. बातम्यांच्या मधोमध नव्या मेलची टुण्ण वाजलेली श्रोत्यांनी ऐकली आहे, अशी केंद्रं जगात पुष्कळ असतील. सिस्टिमचे आवाज पूर्ण बंद करायचे आणि डीफॉल्ट साउंड कार्ड मदरबोर्डवरचं ठेवायचं. प्रसारणाचं कार्ड फक्त प्लेआउट सॉफ्टवेअरला नेमून द्यायचं. यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद करायची, वाय-फाय काढून टाकून तारेचं नेटवर्क वापरायचं. आवाजात तडे येत असतील तर लेटन्सीमॉन हे छोटं साधन कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते दाखवतं. बऱ्याचदा गुन्हेगार वाय-फायच निघतो.

राहिला अपडेटचा प्रश्न. होम आवृत्तीत अपडेटवर आपला ताबा फार थोडा असतो, म्हणून किमान प्रो हवी. कारखान्यांतली यंत्रं आणि एटीएम यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट एलटीएससी नावाची आवृत्ती काढतं. तिच्यात नव्या सोयींचा भडिमार नसतो, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं मिळत राहतात. प्लेआउटला तिच्यासारखी दुसरी विंडोज नाही. साध्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनवर ती अजून चालवणाऱ्यांनी निदान ते मशीन इंटरनेटपासून तोडावं.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. ब्रिटनचं स्काय न्यूज त्या सकाळी काही काळ प्रसारण करू शकलं नाही. दोष विंडोजचा नव्हता, बाहेरून आपोआप आलेल्या बदलाचा होता, आणि असा बदल कुठल्याही सिस्टिमवर येऊ शकतो. हवेवरच्या मशीनवर माणसाने मुद्दाम केल्याशिवाय काहीही बदलता कामा नये.

मॅक: मुद्रणाला उत्तम

मॅकमध्ये कोअर ऑडिओ सिस्टिमच्या मुळातच आहे. साधं यूएसबी कार्ड लावलं की ड्रायव्हर न टाकता चालतं, आणि दोन कार्डं जोडून एक मोठं कार्ड केल्यासारखं वापरता येतं. लॉजिक प्रो तर विंडोजवर किंवा लिनक्सवर मिळतच नाही. २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, आणि पंख्याच्या घरघरीचा जुना त्रासही बराच गेला. गाणं मुद्रित करायचं असेल आणि पैसे असतील, तर मॅक घ्या, फार विचार करू नका.

प्लेआउटला मी मॅक सुचवणार नाही. त्यासाठीची सॉफ्टवेअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि जुनं काहीतरी मागे पडतं. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बंद केली. नव्या मॅकबुकची डिस्क बोर्डावरच बसवलेली असल्यामुळे ती काढून दुसऱ्या मशीनला लावणं हा मार्गच उरत नाही.

लिनक्स: जिथे रेडिओची माणसं स्वतः हात घालतात

लिनक्सवरचा आवाज हा एकेकाळी चेष्टेचा विषय होता, आणि ते रास्तही होतं. कार्डाशी बोलणारा अल्सा हा थर खाली, डेस्कटॉपच्या आवाजासाठी त्यावर पल्सऑडिओ, व्यावसायिक कामासाठी शेजारी जॅक, आणि या दोघांचं आपसात जुळत नसे. जॅक आणि आर्डर हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर, दोन्ही पॉल डेव्हिस यांची. हे गृहस्थ अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. पुढे विम टायमन्स यांनी पाइपवायर लिहिलं, आणि त्याने पल्सऑडिओ आणि जॅक या दोन्हींची कामं एकाच जागी आणली. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने २०२१ मध्ये ते मूळ सिस्टिमचा भाग केलं, नंतर उबुंटूनेही. अचूक वेळेवर काम करण्याची क्षमता लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मुख्य धारेत यायला मात्र जवळपास वीस वर्षं लागली. ती २०२४ च्या नोव्हेंबरातल्या ६.१२ आवृत्तीत आली.

रेडिओच्या बाजूने पाहिलं तर लिनक्सवर रिव्हेंडेल आहे. २००२ पासून विकसित होत असलेलं हे मुक्त प्लेआउट सॉफ्टवेअर रेडिओत काम केलेल्या माणसांनी लिहिलंय, आणि ते जाणवतं. प्रत्येक ध्वनिफितीला त्यात कार्ट म्हणतात, जुन्या टेप कार्ट्रिजची आठवण म्हणून, आणि प्रत्येक कार्टला सहा आकडी क्रमांक असतो. इंटरनेट रेडिओसाठी लिब्रेटाइम, लिक्विडसोप आणि आइसकास्ट आहेत. स्टुडिओ विंडोजवर असला, तरी श्रोत्यांना आवाज पुरवणारा सर्व्हर बहुधा लिनक्सवरच असतो. असे सर्व्हर अनेकदा युटीसीवर चालतात, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. वेळक्षेत्र लावायचं राहिलं तर सकाळी सहाची भूपाळी साडेअकराला लागते.

भारतातलं उदाहरणही आहे. आयआयटी दिल्लीच्या छत्राखाली वाढलेल्या ग्रामवाणी संस्थेने कम्युनिटी रेडिओसाठी ग्रिन्स ही प्रणाली उबुंटूवर बांधली. तिच्यात वेळापत्रक, प्लेआउट, संग्रह आणि मुख्य म्हणजे श्रोत्यांचे फोन हवेवर घेण्याची सोय एकत्र होती. आपल्या गावच्या केंद्राला काय लागतं याचा विचार करून लिहिलेलं सॉफ्टवेअर लिनक्सवर झालं यात नवल नाही. परवान्याचा खर्च नव्हता आणि हवं ते बदलता येत होतं.

तरी लिनक्स फुकट म्हणून घेऊ नये. प्रो टूल्स आणि ऑडिशन तिथे चालत नाहीत. रीपर, आर्डर, ऑडॅसिटी चालतात. कार्ड घेताना क्लास कंप्लायंट आहे का ते बघावं, म्हणजे खास ड्रायव्हरवाचून चालणारं. आणि लिनक्स म्हणजे अढळ, हाही भ्रमच. सेंटओएस ८ या लिनक्सच्या वितरणाला २०२९ पर्यंत आधार मिळणार असं जाहीर झालं होतं, तो २०२१ अखेरीस काढून घेतला गेला, आणि त्यावर उभ्या असलेल्यांना घाईघाईने घर बदलावं लागलं. आता डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती घ्यावी. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील.

तीन महिन्यांची आठवण

कम्युनिटी रेडिओच्या परवान्याची एक अट ऑपरेटिंग सिस्टिमच्या निवडीत येते: हवेवर गेलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. म्हणजे चोवीस तास मुद्रण करत राहणारं तिसरं काम आलं. त्याला जागा किती लागते ते काढता येतं. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये दिवसाला १.४ जीबीच्या आत, नव्वद दिवसांचे सुमारे १२५ जीबी. तेच न दाबलेल्या वेव्हमध्ये ठेवायचं म्हटलं तर दीड टीबी. पुराव्यासाठी एमपी३ पुरेसा आहे. हे काम प्लेआउटच्या मशीनवर टाकू नये. एखादा जुना लिनक्सचा डबा साध्या रेडिओ रिसीव्हरला जोडावा, म्हणजे स्टुडिओतून काय निघालं याऐवजी हवेवर खरोखर काय गेलं ते नोंदलं जातं.

मैफलींच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या स्टिरिओ मुद्रणाला तासाला दोन जीबी लागतात आणि साध्या वेव्ह फाइलची मर्यादा चार जीबी असते. म्हणजे दोन तासांनंतरच्या भैरवीला जागा उरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा नसलेला आरएफ६४ हा फाइलप्रकार निवडावा, आणि बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवावी, ती तिन्ही सिस्टिमवर वाचता येते.

ऱ चा घोळ

फाइलींना मराठीत नावं द्यायला तिन्ही सिस्टिम आता तयार आहेत, पण एक फट अजून बुजलेली नाही. आपला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅक त्यांना एकच नाव मानतो, लिनक्स दोन वेगळी. मग मॅकवर संपादित केलेली ‘दऱ्याखोऱ्यांतून’ नावाची फाइल प्लेलिस्टमध्ये दिसते आणि वेळ आली की सापडत नाही. यावर रिव्हेंडेलची पद्धत मला पसंत आहे. डिस्कवर फक्त क्रमांक, मराठी नाव डेटाबेसमध्ये. दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी हीच शिस्त हाताने पाळता येते.

बडोद्याची हवा आणि पाणी

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ च्या पुढे जातो, आणि मुद्रण चालू असताना खोलीतला पंखा बंद असतो. तापलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आवाजात तडे येऊ लागतात. लोक मग सिस्टिम बदलायला निघतात. आधी मशीन खोलीबाहेर ठेवून लांब केबल ओढून बघावी.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली आणि शहराच्या मोठ्या भागात तळमजले पाण्याखाली गेले. यूपीएस जड असतो म्हणून तो जमिनीवर ठेवतात, आणि पाण्यात पहिला तोच जातो. पूर्ण डिस्कची प्रतिमा दर महिन्याला काढून नदीपासून दूरच्या कुणाच्या तरी घरी ठेवणं हा उत्तम विमा आहे. इथे लिनक्सचा एक फायदा आहे: ती प्रतिमा वेगळ्या मॉडेलच्या मशीनवर टाकली तरी बहुधा सुरू होते. विंडोज अशा वेळी परवान्याची विचारणा करते, आणि मॅकला दुसरा मॅकच लागतो.

मग घ्यावी कोणती?

पॉडकास्ट आणि गाण्याचं मुद्रण: ऐपत असेल तर मॅक, नसेल तर विंडोज आणि आसिओचं चांगलं कार्ड. घरात आधीच असलेल्या मशीनवर रीपर टाकून सुरुवात केली तरी वर्षभर काही अडत नाही.

फक्त इंटरनेट रेडिओ: भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्स, त्यावर लिब्रेटाइम. स्टुडिओत काहीही असो. घरची वीज गेली तरी प्लेलिस्ट सर्व्हरवरून चालू राहते.

परवान्याचं कम्युनिटी केंद्र: संस्थेत लिनक्स जाणणारी किमान दोन माणसं असतील, तर रिव्हेंडेल. एकच असेल, तर तो नोकरी बदलून पुण्याला गेल्यावर काय, याचं उत्तर हवं. ते नसेल तर विंडोजचं एलटीएससी आणि साधं प्लेआउट सॉफ्टवेअर. तत्त्वाला ते कमी पटेल, पण केंद्र चालू राहील.

निवड झाली की हवेवर जाण्याआधी आठवडाभर मशीन रिकाम्या खोलीत चालवावं आणि मग त्याला मुद्दाम छळावं. चालू प्लेआउटमध्ये साउंड कार्डाची यूएसबी उपटावी. नेटवर्कची तार काढावी. प्लेलिस्ट मध्येच संपू द्यावी. शेवटी भिंतीवरचं मेन बंद करावं, यूपीएस उतरू द्यावा, पुन्हा चालू करावं आणि कुणीही कीबोर्डला हात न लावता आवाज किती मिनिटांत परत येतो ते घड्याळ लावून बघावं. पाच मिनिटांत आला नाही, किंवा पासवर्डच्या पडद्यावर थांबला, तर ते मशीन अजून हवेवर जायला तयार नाही, मग त्यावर कोणतीही सिस्टिम असो.